मोरसच्या बाईला मी दाखवलेलं गाव

हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, कारण ती तिथंच उभी होती. पण तिलाही मी तोंडानं कधी काही म्हणालो नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. एका छपराखाली राहून दोन माणसं एकाच गोष्टीवर किती वर्षं गप्प बसू शकतात, हे लग्न झालेल्यांना सांगायला नको. आता तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. आणखी एक कारण आहे, ते पुढं येईलच.

माझं नाव दत्तू. आंदर मावळात आमचं गाव, पण गावाचं नाव घेत नाही, गावानं काही केलेलं नाही. भातशेती, चार गुरं, आणि तरुणपणी तळेगावच्या बाजूला कारखान्यात केलेली नोकरी. एकूण बरा माणूस म्हणून मला ओळखतात. कोणाची मयत असली की लाकडं फोडायला पहिला मी. सप्त्याची वर्गणी गोळा करायला मी. खोटं बोलणाऱ्याला चारचौघांत फैलावर घ्यायलाही मीच — हसा खुशाल.

आधी म्हादबाचं सांगतो, म्हणजे बाकीचं कळेल.

म्हादबा म्हणजे माझ्या वडिलांच्या पणजोबाचा धाकटा भाऊ. घाटात रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा मावळातली पुष्कळ माणसं दगड फोडायला गेली, त्यात हे दोघे भाऊही गेले. तिथं खंडाळ्याच्या अंगाला एक मुकादम माणसं गोळा करत हिंडायचा. समुद्रापलीकडं साहेबाचे उसाचे मळे आहेत, तिथं दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं सांगायचा. थोरला हसला. धाकटा गेला. मुंबईहून जहाजात बसला आणि मोरसला गेला — मॉरिशसला आमच्याकडची जुनी माणसं मोरस म्हणायची, आणि पांढऱ्या साखरेला मोरस साखर. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांना साखरेचा चहा दिला की म्हणायचे, "घ्या, आमच्या म्हादबानं धाडलीय." सगळे हसायचे. पण आबांनी एकदा मला, मी मोठा झाल्यावर, बांधावर बसून उरलेलं सांगितलं. थोरल्याला सगळं माहीत होतं. मुकादम लबाड आहे, गेलेलं माणूस परत येत नाही, हे त्याला दुसऱ्या कामकऱ्यांकडून कळलेलं होतं. त्यानं अडवलं नाही. का अडवलं नाही? जमीन दोघांची होती, आणि धाकट्याचं लग्न व्हायचं होतं. तुम्ही समजा काय ते.

मी मात्र ते समजून विसरून गेलो होतो. खरंच सांगतो. जुन्या गोष्टी, कोण लक्षात ठेवतो?

मग ती बाई आली.

लोणावळ्याच्या सलीमची गाडी होती. सलीम पर्यटकांना पॉइंट दाखवत फिरवणारा माणूस, बोलका, आमच्या भागात कधीमधी यायचा म्हणून तोंडओळख होती. भातकापणी उरकली होती, मी अंगणात पेंढा रचत होतो. गाडीतून उतरली ती सत्तरीला टेकलेली सावळी बाई, पायांत पांढरे बूट, साडी नीट पिन लावलेली, डोक्यावर पदर. सलीम म्हणाला, "दत्तूभाऊ, लय गावं पालथी घातली बघा आजींना घेऊन. ह्या मॉरिशसच्या. ह्यांचं मूळ गाव हितंच कुटंतरी हाय म्हंतात."

ती बोलली आणि माझ्या हातातली पेंढी हातातच राहिली. मराठी बोलत होती, पण कसली? माझ्या आज्याच्या तोंडची. "आमी", "तुमी", "कुटं", "आमाला ठावं न्हाई" — मध्येच एखादा परका शब्द, की पुन्हा आमच्या आज्याची भाषा. आमची पोरं आता शहरासारखं बोलतात. आणि ही समुद्रापलीकडून येऊन आमच्या वाडीसारखं बोलत होती.

नाव रुक्मिणी. तिचा पणजोबा मराठी मुलखातून उसाच्या कोठीवर गेलेला. कोठी म्हणजे साहेबाचा मळा आणि साखरेचा कारखाना, सगळं एकच. नाव म्हादू. तिथल्या कारकुनानं तेच आडनाव म्हणून लावलं, ते आजवर चालू आहे. तो आंदर मावळातला, एवढंच घरात उरलं होतं. गावाचं नाव पोरांच्या ध्यानात राहिलं नाही. भाताची खाचरं, नदी, वर डोंगर — आमच्याकडं सगळ्याच गावांना हे आहे.

ओसरीवर बसून ती बोलत राहिली. पणजोबा दगड उलटून सोनं शोधायला गेला, तर दगड खरंच उलटावे लागले. उसाला जमीन मोकळी करायला काळे दगड वेचून शेताच्या मधोमध ढीग घालायचे. ते ढीग अजून तसेच उभे आहेत, डोंगरासारखे, त्यांच्याभोवती ऊस. आजारी पडून एक दिवस कामावर गेलं नाही की दोन दिवसांची मजुरी कापायचे. कोठी सोडून बाहेर जायचं तर चिठ्ठी लागायची. बायका तोडणी करायच्या, ऊस वाहायच्या, आणि बाळंतपणानंतर लगेच परत शेतात. तिची आजी उसाच्या पाल्यानं हात कापलेले दाखवायची आणि म्हणायची, आपल्या मुलखात भात असतो, भाताचं पातं असं कापत न्हाई. "म्हनून मला भात बगायचा हुता," असं म्हणाली आणि खाचरांकडं बघत राहिली. खाचरात नुसती धसकटं होती. तरी बघत राहिली.

तोपर्यंत मी बरा माणूसच होतो हो. चहा दिला. जेवायला थांबा म्हणालो.

आणि मग तिची नजर भिंतीकडं गेली.

भिंतीला नवं सूप टांगलं होतं, हळदकुंकू लावलेलं. आमची सून अवघडलेली होती. आता सटवीच्या पूजेला बाळाला सुपात ठेवणारे बरेच आहेत. पण आमच्या घराण्यात पाळणाच लाभत नाही. कधीकाळी पाळण्यातलं मूल दगावलं, तेव्हापासून पाळणा नाही, बारसंही सुपातच. तांदूळ पसरायचे, त्यावर धडपं, त्यावर मूल, आणि सुपाला हातानं झोके देत नाव ठेवायचं. अख्ख्या पंचक्रोशीत हे फक्त आमच्या घरात. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेनं पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसून घेतलेलं आहे.

ती म्हणाली, "आमच्या घरात पाळना लाभत न्हाई. आमचं पोर सुपात निजवतात. तिकडं समदे हसतात आमाला." आणि माझ्याकडं बघून, अगदी सहज — "तुमच्यात बी हाय का हो असं?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात वाढायचं ताट.

आता मला सांगा, हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर. माझ्या डोळ्यांसमोर म्हादबा बसला होता, पांढरे बूट घालून, पदर घेऊन. मला खात्री पटली होती. शंका हा शब्दही तिथं नव्हता. मी म्हणालो, "न्हाई बा. ते तांदूळ पाखडायचं सूप." हळदकुंकू लावलेलं सूप! तांदूळ पाखडायला! सलीमनं सुपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बायकोकडं मी अशा नजरेनं पाहिलं की ती ताट घेऊन परत आत गेली.

का केलं? त्याच दिवसांत वरच्या माळाची जमीन बंगल्यांसाठी जायची होती. वडिलोपार्जित, सगळ्या भाऊबंदांची. एजंट येऊन बसायचा आणि एकच पालुपद लावायचा — वारस स्वच्छ पाहिजेत, एखादी सही राहिली की सगळं अडलं. मावळात भाऊबंदकी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. एका बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. आणि इथं आणखी एक वारस, तोही समुद्रापलीकडून, मागं न जाणो किती पोरंबाळं असलेला! ती हिस्सा मागायला आली होती का? नाही. मागू शकली असती का? मी कुठल्या वकिलाला विचारलंही नाही. विचारलं असतं तर कदाचित भीती गेली असती, आणि मला भीती हवी होती. आणखीही एक होतं. ती सांगत होती ते कापलेले हात, चिठ्ठ्या, बुडालेली मजुरी — आपल्या घराण्यातला माणूस असा कुली म्हणून राबला, हे मला ऐकवत नव्हतं. भावकीत सांगताना आम्ही म्हादबाला व्यापारी करून टाकला होता. हे बोलताना कान तापतायत. पण ते होतं, म्हणून सांगतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर? नुसतं नाही म्हणणारे पुष्कळ असतात. सलीम तिला पुढच्या गावी घेऊन गेला असता, आणि पुढच्या गावात कोणीतरी म्हाताऱ्यानं सांगितलं असतं, की सुपातलं बारसं? ते तर अमक्याच्या घरी. हे माझ्या ध्यानात आलं, आणि माझं डोकं त्या दिवशी असं काही चाललं की परीक्षेला कधी चाललं नाही.

मी म्हणालो, मावशी, सुपावरनं आठवलं. अशी चाल एका वाडीत होती म्हणतात. पण ती वाडी धरणात गेली. माणसं कुठं कुठं पांगली, आता कोणी सापडायचं नाही.

आणि नुसतं सांगून थांबलो नाही. गाडीत बसलो. पुढच्या सीटवर, सलीमच्या शेजारी, वाट दाखवायला. धरणाच्या काठावर तिला उतरवलं आणि मध्यभागी, जिथं पाणी सगळ्यांत खोल आहे, तिथं बोट केलं. तिथं, मावशी. त्या डोंगराच्या रेघेत. देऊळ होतं, चिंचा होत्या — देऊळ आणि चिंचासुद्धा मीच घातल्या.

ती बूट काढून पाण्यात उतरली. साडी भिजली. हात जोडून काहीतरी पुटपुटत होती. तिच्या घरच्या गेलेल्यांची नावं घेत होती, एकेक, जहाजातून उतरलेल्यापासून. म्हादू हे नाव पहिलं. आमच्या म्हादबाचं नाव माझ्यासमोर घेत होती, आणि मी काठावर उभा राहून चप्पल झटकत होतो, चिखल लागला म्हणून. मग तिनं पाण्याची रिकामी बाटली भरून घेतली, झाकणावरून रुमाल बांधला. वर आली आणि माझे हात धरले. "दत्तूभाऊ, तुमी देवमानूस. आता आमी बिनगावाची न्हाई."

परत येऊन जेवली. चांगली पोटभर जेवली, भात तर दोनदा मागून घेतला. बायकोनं वाढला. सून बाळंत झाल्यावर बारसं केलं ते सुपातच, पण बायकोनं त्या वेळी मला सुपाला हात लावू दिला नाही. लोकांना वाटलं, बायकांचं काम.

माळ विकला गेला. तिथं आता बंगला आहे, पोहायचा हौद आहे, शनिवार-रविवारी गाणी वाजतात. त्या पैशांत आमचं घर झालं, स्लॅबचं. पाऊस आता आत येत नाही. सुखानं झोपलो का? हो, झोपलो की. हेच तर सांगायचं आहे. मला कोणी भूत दिसलं नाही, झोप उडाली नाही. आठवण यायची ती धरणावरून जाताना. तेव्हा मी दुसरीकडं बघायचो. इतकं सोपं असतं ते.

मग यंदा शिरगावला गेलो होतो, पाहुण्यांना साईंच्या देवळात घेऊन. बाहेर गाड्या लागतात तिथं सलीम भेटला. दाढी पांढरी झालेली. इकडचं तिकडचं झालं आणि तो म्हणाला, "भाऊ, मॉरिशसच्या आजी आठवतात का? अजून फोन करतात मला. दर ईदला. माझ्या पोरीच्या निकाहाला तिकडनं साडी धाडली." मी हो-हो करत राहिलो. तो म्हणाला, "तुमची बी आठवन काडतात. ते पानी त्यांनी पुरवून पुरवून वापरलं. घरात मूल जलमलं की त्याच्या तोंडात थेंब घालतात. मूळ गावचं पानी म्हणून."

मी तिथंच कठड्यावर बसलो. उन्हानं असेल म्हणून सलीमनं पाणी आणून दिलं. ते माझ्याच्यानं प्यायलं जाईना.

त्याला तिथंच सगळं सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. नंबर मागितला फक्त. सलीम माझ्याकडं बघत राहिला — सुपाकडं पाहिलं होतं तसाच — आणि नंबर देताना एवढंच म्हणाला, "लय वेळ लावलात, भाऊ."

फोन केला तो दुसऱ्या दिवशी, गोठ्याच्या मागं उभा राहून. तिनं उचलला. आवाज बारीक झाला होता. ओळख पटल्यावर हरखली. देवमाणूस, दत्तूभाऊ, कसं हाय समदं? मी मधेच तोडलं. म्हणालो, मावशी, ते गाव खोटं होतं. पाळणा आमच्या घरात लाभत नाही. म्हादबा आमचा. तुम्ही आमच्या. मी त्याच दिवशी ओळखलं होतं.

मी फोन कानाशी घट्ट धरला.

मग सुरुवात झाली. "दत्या! मेल्या!" — असा आवाज की गोठ्यातली म्हैस वळून बघायला लागली. "माज्या नातवंडांच्या तोंडात धरनाचं पानी घातलंस! मला साडीसकट पान्यात उतरवलीस! लाज न्हाई वाटली तुला, बहिनीच्या जातीला असं फसवताना? तुजा बाप असता तर त्यानं तुला उभा चिरला असता!" आणि मधे मधे तिच्या त्या दुसऱ्या भाषेत. त्यातला एक शब्द कळत नव्हता आणि सगळा अर्थ कळत होता. तुमी गेलं, भाऊ गेलं, देवमाणूस तर केव्हाच गेला. दत्या राहिला. आई गेल्यापासून मला दत्या कोणी म्हटलेलं नाही.

ऐकत राहिलो. आणि सांगू का, छाती अशी मोकळी होत गेली, की मला वाटलं, ही थांबू नये. इतकी वर्षं मला वाटायचं, मला काही झालेलंच नाही. झालं होतं. छातीवर धोंडा होता आणि मी त्याला छातीच समजत होतो.

दमल्यावर ती थांबली. म्हणाली, "ऊस लावतोस का रं?" म्हटलं, नाही आत्या, भात. "बरं," म्हणाली. आत्या म्हटलेलं तिनं ऐकलं, पण त्यावर काही बोलली नाही.

जमिनीचं मीच काढलं. माळ विकला म्हणून सांगितलं, तुझा हिस्सा असेल तर — तिनं पुरं होऊ दिलं नाही. म्हणाली, जमिनीला आग लाव. मग हुकूम सुटला. गणपतीनंतर ती येणार आहे, मुलाला घेऊन. माझ्या घरी उतरणार नाही. सलीमच्या घरी उतरणार, लोणावळ्याला. आमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. "तू तितं यायचं. एकटा न्हाई. समदी भावकी घिऊन यायचं. आन् त्यांच्या म्होरं, तुज्या तोंडानं, आत्ता मला सांगितलंस ते समदं सांगायचं. धरनाचं बी." हो म्हणालो. तिनं निरोप न घेता फोन ठेवला.

तर हे ते दुसरं कारण. भावकीसमोर सांगायचं आहे, आणि ही माणसं माझ्या शब्दावर भांडणं मिटवतात. तेव्हा तोंड उघडेल की नाही, माहीत नाही. म्हणून आधी तुमच्यासमोर उघडून पाहिलं.

त्या दिवशी गोठ्यातून घरात गेलो. बायको तांदूळ निवडत होती. म्हणालो, मोरसच्या बाईला फोन केला होता, खरं सांगितलं. तिनं मान वर केली नाही. निवडता निवडता विचारलं, "काय म्हनल्या?" म्हणालो, मेल्या म्हणाली. बायको हसली. हसता हसता डोळे पुसले, आणि ताट माझ्याकडं सरकवलं, निवडायला. आम्ही दोघं खडे काढत बसलो. बऱ्याच वर्षांनी घरात हलकं वाटत होतं.

आत्यानं माफ केलं असं म्हटलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही, तिच्याकडं नाही आणि तुमच्याकडंही नाही. थोरल्यानं धाकट्याला जाऊ दिलं, ते आबांनी मला सांगितलं होतं, आणि ते ठाऊक असून मी त्या धाकट्याच्या पणतीला दारातून पुन्हा लावून दिलं. हे केलं ते मी केलं. एजंटनं नाही, भावकीनं नाही, काळानंही नाही.

धरणात कुठलीच तसली वाडी नव्हती. रुक्मिणीआत्याचं गाव बुडालेलं नाही. मी तिथंच राहतो.